'ओझिमँडियस' कशी अभ्यासावी: आधी अन्वय, मग आशय

इंग्रजी कवी शेलीची 'ओझिमँडियस' ही कविता १४ ओळींची आणि १११ शब्दांची. वाळवंटात पाहिलेल्या एका राजाच्या तुटक्या पुतळ्याबद्दल एक प्रवासी सांगतो, एवढीच तिची गोष्ट. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या बहुतेक गाइडांत तिचा आशय दोन वाक्यांत उरकलेला असतो: सत्ता क्षणभंगुर आहे, गर्वाचं घर खाली. यात चूक काही नाही. पण हा आशय कविता न वाचताही सांगता येतो, आणि तो आधी कळला की विद्यार्थी ओळी वाचतो ते तो पडताळून पाहण्यापुरतं. मग सहावी, सातवी आणि आठवी ओळ निसटते. कवितेचं खरं काम त्या तीन ओळींत आहे. म्हणून आशय बाजूला ठेवून सुरुवात करायची. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावतात, म्हणजे शब्द गद्याच्या सरळ क्रमाने मांडतात, तसा या कवितेचा अन्वय लावायचा.

प्रत्येकी पाऊण तासाच्या चार बैठका पुरतात, पण एकाच दिवशी चारही करू नयेत. मध्ये एक रात्र गेली की ओळी डोक्यात मुरतात. कविता मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत बोटभर जागा सोडून छापून घ्यावी आणि समासात १ ते १४ आकडे घालावेत. पेन्सिल, दोन रंगांची पेनं आणि शब्दांचे जुने अर्थही देणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश जवळ असावा. नुसता इंग्रजी-मराठी कोश इथे फसवतो, ते पुढे येईलच. विरामचिन्हं आणि मोठी अक्षरं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, म्हणून एकच छापील प्रत ठरवावी आणि शेवटपर्यंत तीच वापरावी.

पहिली बैठक: कान आणि वाक्यं

कविता तीन वेळा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा ओळीच्या शेवटी थांबून, दुसऱ्यांदा फक्त विरामचिन्हांपाशी थांबून. दोन वाचनांतला फरक लगेच कानाला कळतो: अर्थ ओळीशी संपत नाही, तो खालच्या ओळीत ओघळतो. तिसऱ्या वाचनात वाक्यं मोजा. प्रवासी बोलायला लागल्यापासून त्याची वाक्यं अशी पडतात: वाळवंटात दोन पाय उभे आहेत, जवळच वाळूत तुटका चेहरा आहे, ज्यावरून अमुक कळतं, चौथऱ्यावर हे शब्द आहेत, बाकी काही उरलेलं नाही, सभोवार वाळू पसरली आहे. यातलं दुसरं वाक्य तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सुरू होतं आणि आठवीच्या शेवटी संपतं. ४७ शब्दांचं आहे. आणि 'नथिंग बिसाइड रिमेन्स' हे वाक्य तीन शब्दांचं. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. दमछाक करणारं लांब वाक्य, मग राजाची गर्जना, मग तीन शब्द, अशी ही रचना आहे, आणि हे अर्थाच्या आधी कानाला कळायला हवं.

लयीबद्दल एक अडचण मराठी विद्यार्थ्याला हमखास येते. आपल्याला अक्षरगणवृत्तांची सवय, तिथे लघु-गुरू उच्चाराच्या लांबीवर ठरतात. इंग्रजीत मोजायचा तो आघात. ओळीत साधारण दहा अवयव (सिलेबल्स) असतात आणि हलका-जड, हलका-जड अशा पाच जोड्या पडतात. याला आयँबिक पेंटामीटर म्हणतात. अवयव मोजताना दोन जागी गणित चुकतं. पहिल्या ओळीत 'ट्रॅव्हलर' दोनच अवयवांचा म्हणायचा, ट्रॅव्-लर, आणि 'अँटीक'चा आघात पहिल्या अवयवावर घ्यायचा. दहाव्या ओळीत राजाचं नाव चार अवयवांत बसवायचं: ओ-झि-मँड्-यस. पाच केले की ओळ अकरावर जाते.

आता ठेका कुठे मोडतो ते शोधा. 'स्टँड इन द डेझर्ट', 'टेल दॅट', 'लुक ऑन माय वर्क्स', 'नथिंग बिसाइड': या सगळ्यांत जड अवयव आधी येतो. त्यांना रंगीत पेनाने गोल करा. यातला एक राजाचा हुकूम आहे आणि दुसरा त्या हुकमाचं उत्तर, आणि दोन्ही सारख्याच ठोक्याने सुरू होतात.

दुसरी बैठक: कोण बोलतंय

समासात प्रत्येक ओळीपुढे बोलणाऱ्याचं नाव लिहा. पहिली ओळ आणि दुसरीतले पहिले दोन शब्द 'मी'चे. तिथून शेवटपर्यंत प्रवासी. त्याच्या बोलण्याच्या पोटात दहावी आणि अकरावी ओळ राजाची. कविता पुन्हा 'मी'कडे परत येत नाही, हेही टिपा. राजाचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते दगडावरून प्रवाशाकडे, प्रवाशाकडून 'मी'कडे, 'मी'कडून आपल्याकडे. ज्याला सगळ्या जगाने आपल्याकडे पाहावं असं वाटत होतं, त्याची गोष्ट आता ऐकीव आहे.

मराठीत ऐकीव गोष्टीसाठी 'म्हणे' हा नेमका शब्द आहे: वाळवंटात दोन पाय उभे आहेत म्हणे. समजून घेताना हा शब्द लावून पाहावा, थर चटकन उलगडतात. अंतिम अनुवादात मात्र तो ठेवू नये. 'म्हणे'त थोडा अविश्वास असतो, आणि कविता प्रवाशावर कुठेच शंका घेत नाही.

या तिघांखेरीज एक चौथा माणूस आहे. तो एक शब्दही बोलत नाही. तो शिल्पकार. त्याचं नाव समासात कुठेच येणार नाही, म्हणून तो विसरला जातो. सहाव्या ओळीशी त्याच्यासाठी वेगळी खूण करून ठेवा.

तिसरी बैठक: चौथी ते आठवी ओळ

या बैठकीला पाऊण तास अपुरा पडला तर तास द्या. आधी चेहरा बघा. कपाळावर आठी, मुडपलेला ओठ, आणि 'स्नीअर ऑफ कोल्ड कमांड', म्हणजे थंड हुकमतीने तुच्छतेत वर गेलेली ओठाची कड. यात कुठेही राग नाही, आरडाओरडा नाही. ज्याचा शब्द कधी खाली पडला नाही अशा माणसाचा हा चेहरा आहे. 'ट्रंकलेस'चा अर्थ इथे 'धड नसलेले'. इंग्रजी-मराठी कोशात 'ट्रंक'पुढे पेटी, सोंड, खोड असं सगळं सापडतं आणि त्यातलं चुकीचं उचललं जातं. 'व्हिसेज' म्हणजे चेहरा.

आता खरी गाठ. सहाव्या ओळीतलं 'वेल दोज पॅशन्स रीड' आधी सरळ करा: शिल्पकाराने ते विकार नीट वाचले. इथला 'रीड' भूतकाळी आहे, उच्चार 'रेड', आणि तो आठव्या ओळीतल्या 'फेड'शी यमक साधतो. पुढे 'विच येट सर्व्हाइव्ह'. इथे बहुतेक जण स्वल्पविरामाशी थांबतात, 'जे अजून टिकून आहेत' असा अर्थ लावतात, आणि मग आठवी ओळ, 'द हँड दॅट मॉक्ड देम अँड द हार्ट दॅट फेड', अधांतरी लोंबकळते. हात कोणाचा, काळीज कोणाचं, ती ओळ वाक्यात बसते कुठे, काहीच कळत नाही. मग ती सोडून दिली जाते.

चूक क्रियापदाच्या ओळखीत आहे. 'सर्व्हाइव्ह' इथे सकर्मक आहे. कोणाच्या तरी मागे उरणे. मराठी वर्तमानपत्रातली निधनवार्ता आठवा: 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' नेमका हाच अर्थ. पश्चात कोण उरलं, तर विकार. कोणाच्या पश्चात, तर त्या हाताच्या आणि त्या काळजाच्या. मधलं 'स्टँप्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज' हे कंसातलं समजा, पेन्सिलीने त्याभोवती खरंच कंस काढा, आणि 'सर्व्हाइव्ह'पासून 'द हँड'पर्यंत बाण ओढा. अन्वय असा पडतो:

त्या चेहऱ्यावरची आठी, मुडपलेला ओठ आणि थंड हुकमतीची तुच्छता हे सांगतात, की त्याच्या शिल्पकाराने ते विकार नीट वाचले होते. जे विकार, या निर्जीव दगडांवर उमटून, अजून मागे उरले आहेत. ज्या हाताने त्यांची नक्कल केली त्या हाताच्या मागे, आणि ज्या काळजाने ते पोसले त्या काळजाच्या मागे.

हात शिल्पकाराचा, काळीज राजाचं. दोघेही गेले. राजाची शहरं गेली, राजवाडे गेले, पण त्याची तुच्छता दगडात शाबूत आहे, कारण एका कारागिराने ती ओळखली आणि कोरली. 'सगळं नाहीसं होतं' एवढाच आशय धरून बसलेल्याला हे दिसत नाही. या कवितेत सगळं नाहीसं होत नाही. काय उरलं ते राजाने निवडलेलं नाही, एवढीच गोष्ट आहे आणि ती फार मोठी आहे.

'मॉक्ड' या शब्दावर पाच मिनिटं द्या. त्याचे दोन अर्थ इथे एकाच वेळी चालू आहेत: हुबेहूब उतरवणे आणि चेष्टा करणे. शिल्पकाराने राजाचा चेहरा इमानाने घडवला, आणि घडवता घडवता त्याचं सोंगही उघडं पाडलं. पदरी असलेल्या कारागिराला यापेक्षा जास्त बोलता आलं नसतं. मराठीत 'थट्टा केली' असं लिहिलंत तर अर्धा अर्थ गेला, 'अनुकरण केलं' लिहिलंत तर दुसरा अर्धा. 'नक्कल' या शब्दात दोन्ही आहेत. नक्कल म्हणजे प्रत, आणि एखाद्याची नक्कल करणं म्हणजे त्याची चेष्टाही. मराठीला हा शब्द इथे आयता मिळालेला आहे, तो वाया घालवू नये. 'फेड'साठी 'पोसणे' घ्यावं. राग पोसतात, वैर पोसतात, तसे हे विकार पोसलेले.

याच बैठकीत यमकं लावा. साचा पडतो तो असा: अबअबअ, कडकइडइफइफ. 'स्टोन' आणि 'फ्राउन' ओढूनताणून जुळतात, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. मराठीत केशवसुतांनी सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, आणलं, म्हणून आठ ओळी आणि सहा ओळी ही विभागणी आपल्याला ओळखीची आहे. त्यांच्या 'मयूरासन आणि ताजमहाल' या सुनीताचा विषयही याच्या जवळचा. शेली मात्र आठ आणि सहा यांमधली भिंत पक्की ठेवत नाही. सातव्या ओळीतल्या 'थिंग्ज'चं यमक भिंत ओलांडून दहाव्या ओळीत पडतं, आणि तिथे शब्द आहे 'किंग्ज'. निर्जीव वस्तू आणि राजांचा राजा एका यमकात बांधले गेले. तसंच राजाचा शेवटचा शब्द 'डिस्पेअर', आणि त्याला दोन ओळींनी उत्तर देणारं यमक 'बेअर', म्हणजे उघडंबोडकं. रसग्रहणात ही दोन यमकं दाखवलीत तर 'यमकामुळे कविता गेय झाली आहे' हे वाक्य लिहावं लागत नाही.

चौथी बैठक: काळ, मूळ आणि काय बदललं

संदर्भ शेवटी वाचायचा, कारण तो आधी वाचला की कविता त्याचं उदाहरण होऊन बसते. कविता १८१७ च्या डिसेंबरअखेर लिहिली गेली. शेली तेव्हा मार्लो गावात राहत होता. मित्र होरेस स्मिथ आणि तो, दोघांनी एकाच विषयावर सुनीत लिहायचं ठरवलं. शेलीचं सुनीत ११ जानेवारी १८१८ ला 'एक्झामिनर' या साप्ताहिकात 'ग्लिरास्टीज' या टोपणनावाने आलं, स्मिथचं १ फेब्रुवारीला. साप्ताहिकाचा संपादक ली हंट राजपुत्रावर टीका केल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात राहून आलेला. नेपोलियन हरला ती वॉटर्लूची लढाई होऊन अडीच वर्षं झाली होती, तो सेंट हेलेना बेटावर जिवंत होता. हे माहीत असलं की कविता निव्वळ पुराणातली राहत नाही. पण 'ओझिमँडियस म्हणजे नेपोलियन' असं समीकरण उत्तरात मांडू नये, कवितेत त्याला आधार नाही.

ओझिमँडियस हे इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या राजनावाचं ग्रीक रूप. त्याची कारकीर्द इ.स.पू. १२७९ ते १२१३. शिलालेखाचं मूळ म्हणून इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस सिक्युलस सहसा दाखवला जातो. त्याच्याकडे लेख साधारण असा आहे: मी राजांचा राजा, मी केवढा होतो आणि कुठे पहुडलो आहे हे ज्याला जाणून घ्यायचं असेल, त्याने माझ्या एखाद्या कामाच्या वरताण करून दाखवावी. ते आव्हान आहे. शेलीने 'वरताण करा'चं 'हताश व्हा' केलं. या एका बदलामुळे ओळीला दुसरा अर्थ फुटतो. राजाला म्हणायचंय, माझी कामं पाहून बलाढ्यांनो हताश व्हा, कारण तुम्हाला हे जमणार नाही. आज ती ओळ वाचणारा बलाढ्य माणूसही हताशच होईल, कारण त्याच्याही कामांचं हेच होणार. शब्द तेच, एक अक्षर बदललेलं नाही. 'आयरनी' हा शब्द लिहायचा तर इथे लिहावा, आणि दोन्ही अर्थ लिहून दाखवावेत.

दोन गैरसमज खोडून ठेवा. शेली इजिप्तला कधी गेला नव्हता. आणि ब्रिटिश म्युझियममधला रामसेसचा सव्वासात टन वजनाचा ग्रॅनाइटचा अर्धपुतळा पाहून त्याने कविता लिहिली, हेही खरं नाही. इजिप्तमधले जुने अवशेष हलवणाऱ्या बेल्झोनी या इटालियन माणसाने तो १८१६ मध्ये तिथल्या थीब्जहून हलवला खरा, पण लंडनला पोचला तो कविता छापून आल्यानंतर. त्या पुतळ्याचं छायाचित्र मात्र अवश्य बघा. चेहरा शांत आहे, ओठांवर किंचित हसू आहे. तुच्छता शेलीची. म्हणजे विकार वाचणारा शिल्पकार ही कवितेची स्वतःची निर्मिती आहे, आणि तिसऱ्या बैठकीत तिच्यावर तास घालवला तो त्यासाठीच.

स्मिथचं सुनीत पंधरा मिनिटांत वाचून होतं. त्यात वाळवंटात एकच पाय आहे, आणि उत्तरार्धात लंडनच्या जागी रान माजलंय, लांडग्याच्या मागे लागलेला शिकारी एका मोठ्या तुकड्यापाशी थांबतो आणि इथे कोण राहत होतं याचा विचार करतो. कल्पना चांगली आहे. पण तात्पर्य तो स्वतः सांगतो. शेली वाळूपाशी थांबतो. दोन्ही कविता शेजारी ठेवून 'कवी आपल्याला काय वाटायला हवं ते सांगतोय' अशा जागा अधोरेखित करा. शेलीच्या कागदावर एकही रेघ पडत नाही.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला एक तुलना सुचल्याशिवाय राहत नाही. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण १७ नोव्हेंबर १८१७ ला लागलं, कविता छापून आली ती त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, आणि आतल्या इमारती जळाल्या २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत. एक सकाळ काढून दिल्ली दरवाजातून आत जा, जोत्यांवर उभं राहून नुसती यादी करा: काय उरलंय, काय नाही, आणि जे नाही त्याची माहिती आपल्याला कुठून मिळते. कवितेतला प्रवासी हेच करतो, अंदाज न बांधता दिसतं ते सांगतो. तुलना मात्र अर्ध्यावर सोडावी लागते. इथे कोरलेला चेहरा नाही, गर्जना करणारा शिलालेख नाही, आणि वाडा लढाईने आणि आगीने गेला. कवितेत शत्रू नाही, आग नाही, राजा कसा पडला याचा एक शब्द नाही. फक्त वाळू. हा फरक शब्दांत मांडता आला, तर वाड्यावरची सकाळ सार्थकी लागली. परीक्षेच्या उत्तरात वाडा आणू नये, तिथे गुण ओळींना मिळतात.

उत्तर लिहिताना

पहिलं वाक्य कवीच्या जन्मतारखेने सुरू करू नका. कवितेत काय दिसतं तिथून सुरू करा. दीडशे शब्दांच्या उत्तरात दोन ते चार शब्दांची तीन अवतरणं पुरतात, पण प्रत्येकामागे 'त्यामुळे काय होतं' हे एक वाक्य हवंच. अलंकारांत सगळ्यात जास्त चूक होते ती सिमिलीची. या कवितेत 'लाइक' किंवा 'अॅज'ने दिलेली उपमा एकही नाही. अनुप्रास आहे: कोल्ड कमांड, बाउंडलेस अँड बेअर, लोन अँड लेव्हल. तो अक्षरावर नाही, आवाजावर ठरतो. हात आणि काळीज ही सिनेक्डकी, म्हणजे भागावरून सगळ्या माणसाचा बोध. 'वेल दोज पॅशन्स रीड' हे इन्व्हर्शन, म्हणजे शब्दांचा उलटा क्रम. चार नीट उलगडलेले अलंकार नुसत्या नऊ नावांपेक्षा जड भरतात.

आपल्याला कविता कळली का, याची एक चाचणी आहे. पुस्तक मिटून तिचा मराठी गद्य अनुवाद करा. चौथी ते आठवी ओळ एकाच वाक्यात आली पाहिजे, आणि 'मागे उरणे' किंवा 'पश्चात' त्यात असायला हवं. 'वर्क्स'साठी 'कर्तृत्व' घेऊ नका. कर्तृत्व डोळ्यांना दिसत नाही, आणि राजा तर 'पाहा' म्हणतोय. 'माझी कामं पाहा' हे साधं वाक्य जास्त बरोबर. वाक्य दोनदा तुटलं तर तिसरी बैठक पुन्हा करावी लागेल.

पाठ म्हणायची असेल तर अकराव्या ओळीनंतर पूर्ण श्वास घेऊन थांबा. 'नथिंग बिसाइड रिमेन्स' आवाज खाली आणून, पण नाट्य न करता म्हणा. बारावी ओळ 'डिके'पाशी तोडू नका, थेट तेराव्यात जा. शेवटच्या ओळीत 'सँड्स स्ट्रेच फार' हे तीन जड शब्द लागोपाठ येतात, जीभ आपोआप मंदावते. तिथे घाई केली की वाळू पसरत नाही. प्रत्येक शब्दाला त्याची जागा द्या आणि 'अवे'तला स्वर थोडा लांबवून सोडा.